घरात ऐकतं, गेटबाहेर ऐकत नाही: पिल्लाची नेमकी अडचण कशी ओळखायची

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "ताई, घरात एकदम शहाणा आहे. बस म्हटलं की बसतो, नाव घेतलं की पळत येतो. गेटच्या बाहेर पाय पडला की ओळखच दाखवत नाही. काऊन करून राहिला असा?" पिल्लू तीन ते सहा महिन्यांचं असतं, लशी नुकत्याच संपलेल्या असतात, घरच्यांनी मोठ्या हौसेने नवा पट्टा आणलेला असतो. आणि घरातल्या कुणीतरी निकालही देऊन टाकलेला असतो: हट्टी आहे, लाडावलंय, साखळी जरा आवळा.

हा निकाल घाईचा आहे. बाहेर न ऐकण्यामागे चार-पाच अगदी वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. घाबरलेल्या पिल्लाला शिस्त लावायला गेलात तर ते आणखी घाबरतं. ज्याला शब्दच कळलेला नाही त्याला कितीही गोंजारलं तरी तो कळत नाही. म्हणून आधी कारण शोधायचं. त्यासाठी मी सगळ्यांना एकच चाचणी सांगते आणि तिला सामान फार लागत नाही: हरभऱ्याच्या दाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे चार-पाच तुकडे.

जेवणाच्या थोडं आधी, पिल्लू भुकेलं असताना ही चाचणी करा. पहिला तुकडा हॉलमध्ये द्या. दुसरा गेटच्या आत उभं राहून, तिसरा गेटबाहेर दहा पावलांवर. कुठलीही आज्ञा द्यायची नाही, "बस" नाही, "ये" नाही. तुकडा फक्त नाकापाशी न्यायचा आणि पिल्लू तो कसा घेतं ते बघायचं. घेतंच नाही, हिसकावून घेतं, की नीट घेतं? पुढचं सगळं यावर ठरतं.

घरातसुद्धा घेत नसेल तर इथेच थांबा. भुकेलं पिल्लू चिकन नाकारतंय, म्हणजे तो विषय डॉक्टरांचा आहे. आपल्याकडे गोचीड आणि गोचीडताप नेहमीचेच. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या बुडाशी हात फिरवून बघा, हिरड्या फिक्या पडल्यात का ते बघा. उलट्या आणि रक्ताचे जुलाब असतील तर पार्वोची (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, खासगी दवाखानेही शहरभर आहेत.

घरात घेतं, बाहेर तोंड फिरवतं

ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त चुकीची समजली जाणारी अवस्था. भूक आहे, तुकडा आवडीचा आहे, तरी पिल्लू मान वळवतं. याची कारणं दोन: ऊन किंवा भीती.

ऊन आधी तपासा, कारण ते लगेच कळतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवा आणि मनात सावकाश सातपर्यंत मोजा. तोवर हात ठेववत नसेल तर पिल्लाच्या तळव्यांनाही तो रस्ता चटके देतोय. मार्चच्या अखेरीपासून नागपूरचा डांबरी रस्ता सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेला असतो; नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर रात्री जेवणं होईस्तोवर. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. धापा टाकणाऱ्या पिल्लाला खाण्याची इच्छा होत नाही आणि शिकण्याचीही. उन्हाळ्यात बाहेरचं शिक्षण सकाळी सहाच्या आसपासच. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या पिल्लांना हे दुप्पट लागू आहे. हस्की किंवा सेंट बर्नार्ड घ्यायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पंचेचाळीस अंशांच्या गावात ती जात आणू नये. आपल्या गल्लीतलं देशी पिल्लू या हवेला जन्मतः सरावलेलं असतं आणि शिकायलाही तितकंच चपळ असतं.

उन्हाचा प्रश्न नसेल तर ती भीती आहे. ती ओळखायला शिका, कारण प्रत्येक पिल्लू भीतीने कुंई-कुंई करतंच असं नाही. त्रिमूर्तीनगरकडच्या एका घरी साडेचार महिन्यांचं लॅब (लॅब्रॅडॉर) होतं. "गेटपाशी आडून बसतो, ओढावं लागतं," अशी तक्रार होती. मी बघितलं तेव्हा त्याचे पुढचे दोन्ही पाय गेटच्या लोखंडी रुळाच्या बरोबर आत होते, नखं फरशीत रोवलेली, शेपटी पोटाखाली. समोरच्या बांधकामावर ग्राइंडरने टाइल कापत होते. पनीरचा तुकडा नाकाशी नेला तर त्याने तोंड बाजूला केलं, ओठांवरून एकदा जीभ फिरवली आणि मोठी जांभई दिली. झोप येण्याची ती वेळ नव्हती. ओठ चाटणं, अवेळी जांभई, कान मागे पाडणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, एकदम थिजणं, ओलं नसताना अंग झटकणं या सगळ्या तणावाच्या खुणा. अशा वेळी "बस" हा शब्द त्याच्या कानावर पडतो, पण तो ऐकायला त्याचं डोकं मोकळं नसतं.

हे का होतं, ते समजून घ्या. कुत्र्याच्या पिल्लाला जग ओळखीचं करून घेण्याचा एक ठरावीक काळ मिळतो, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत. या काळात जे दिसलं, ऐकलं, पायाखाली आलं, ते त्याच्या लेखी नेहमीचं. नंतर पहिल्यांदा समोर आलेली वस्तू आधी संशयास्पद वाटते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हा काळ नोंदवला आणि १९६५ मध्ये तो सविस्तर मांडला. आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी डोस, शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर. "सगळे डोस होईस्तोवर बाहेर काढू नका," हे ऐकून घरचे पिल्लाला चार भिंतींत ठेवतात. डोस पूर्ण होतात तेव्हा तो काळही संपलेला असतो.

डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस अपुरी असलेलं पिल्लू त्याने जाऊ शकतं. पण पिल्लाला जमिनीवर सोडणं वेगळं आणि त्याला जग दाखवणं वेगळं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका अशी आहे की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू, पहिली लस होऊन किमान सात दिवस झाले असतील आणि जंताचं औषध दिलेलं असेल, तर स्वच्छ जागेतल्या पिल्लांच्या वर्गात जाऊ शकतं. असा वर्ग जवळ नसेल तरी मार्ग आहेत. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, पण करा.

कडेवर घेऊन गोकुळपेठ बाजाराच्या कडेला उभे राहा, आत गर्दीत जायची गरज नाही. मेट्रोच्या खांबाखाली कार लावून पिल्लाला मांडीवर बसवा आणि वरून गाडी गेली की एक तुकडा द्या. ज्या नातेवाइकांकडे लसीकरण झालेला शांत स्वभावाचा कुत्रा आहे त्यांच्याकडे जाऊन या. गच्चीवर ताडपत्री, वाळू, ओली फरशी, गवताचा तुकडा अशा निरनिराळ्या गोष्टींवर त्याला चालू द्या. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडणारी बाई, काठी टेकत येणारे आजोबा, धावणारी मुलं हे सगळं दुरून दाखवा. मोकाट कुत्री जिथे लघवी करतात अशा रस्त्याच्या कडा, बागांचे कोपरे, कचऱ्याचे ढीग मात्र डोस पूर्ण होईपर्यंत पूर्ण वर्ज्य.

हिवाळ्यात आणलेल्या पिल्लाची एक अडचण खास आपल्याकडची आहे. होळीच्या सुमारास खिडकीत कूलर बसतो आणि एके दिवशी एकदम घरघर, पाण्याचा आवाज आणि ओल्या खसचा वास. बिचारं पलंगाखाली जाऊन बसतं. कूलर आधी बंद अवस्थेत दोन दिवस खोलीत ठेवा, मग फक्त पंखा लावा, तोही पिल्लू दुसऱ्या खोलीत जेवत असताना.

चौदा आठवडे उलटून गेले असतील तर? तरी सुधारणा होते, फक्त वेळ जास्त लागतो. तेव्हा नियम एकच: घाबरवणारी गोष्ट इतक्या दूर ठेवायची की पिल्लाला ती दिसते, पण ते तुकडा खाऊ शकतं. ते अंतर म्हणजे तुमची सुरुवात. घंटागाडीचं उदाहरण घ्या. गाडी गल्लीच्या टोकाशी दिसली की तुकडे सुरू, एकामागून एक. गाडी वळली की तुकडे बंद. आधी गाडी, मग तुकडा, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही; उलटा झाला तर तुकडा दिसला की आता ते भयंकर येणार, असं पिल्लू शिकतं. काही दिवसांनी गाडीचं गाणं लागलं की पिल्लू तुमच्याकडे वळून बघेल. मग दोन पावलं पुढे. तुकडा नाकारला की दोन पावलं मागे.

त्या लॅबच्या घरी आम्ही आधी गेटचा विषयच सोडून दिला. त्याच्या जेवणाची वाटी पार्किंगच्या आतल्या भिंतीपाशी नेली आणि ग्राइंडर चालू असताना तिथेच खाऊ घातलं. वाटी दर दोन-तीन दिवसांनी एक फरशी पुढे सरकायची. गेट उघडं असायचं, पण कुणी ओढत नव्हतं. काही आठवड्यांनी तो स्वतःहून रूळ ओलांडून गेला, बाहेरची माती हुंगली आणि परत आला. त्या दिवशी तेवढंच पुरेसं होतं.

"घाबरला म्हणून जवळ घेतलं तर आणखी भित्रा होईल," असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. भीती ही भावना आहे, जवळ घेतल्याने ती वाढत नाही. पिल्लू तुमच्या पायांमागे आलं तर त्याला तिथे राहू द्या. त्याला ओढत भीतीसमोर नेणं मात्र खरंच नुकसान करतं. लेआउटमधली पोरं गोळा होऊन चारही बाजूंनी हात घालतात तेव्हाही तेच होतं. मुलांना सांगा: खाली बसा, हात पुढे करा, त्याला येऊ द्या. तीन सेकंद गोंजारा आणि थांबा. ते अंगाला लागून राहिलं तर पुन्हा. मागे सरकलं तर आज नाही. मुलं हे फार पटकन शिकतात, मोठ्यांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

बाहेर घेतं, पण बोटांसकट

तुकडा हिसकावतं, दात लागतात, लगेच नजर दुसरीकडे, पट्ट्याला हिसका. हे पिल्लू घाबरलेलं नाही, ते उतू जातंय. बहुतेक वेळा झोप अपुरी असते. लहान पिल्लाला दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते. शाळेतून आलेली मुलं, ऑफिसमधून आलेले बाबा, भेटायला आलेले शेजारी यांच्यात ती मोडते आणि संध्याकाळी सातला ते घरभर सुसाट पळत पायजम्याला लोंबकळतं. दुपारची झोप राखा. बाहेर नेल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच शिकवू नका, फक्त हुंगू द्या. हुंगण्याने कुत्रा शांत होतो. मग पुन्हा तुकडा देऊन बघा. घेण्यात मऊपणा आला असेल तर शिकवायला सुरुवात करा.

हात चावण्याची तक्रारही याच पिल्लांची. चौथ्या ते सहाव्या महिन्यात अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. ओलं फडकं पिळून, गाठ मारून, फ्रिजमध्ये गार करून चघळायला द्या. दात लागले की खेळ तिथेच थांबवा, हात काढून उभे राहा. नाकावर चापट मारू नका. त्याने पिल्लू चावायचं थांबत नाही, हात जवळ आला की बिचकायला लागतं. महिन्या-सव्वामहिन्यात आईपासून तोडलेली पिल्लं जास्त जोरात चावतात, कारण किती जोर लावायचा हे ती भावंडांशी खेळताना शिकतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. विकणारा घाई करत असेल तर तिथून पिल्लू घेऊ नका.

मऊ तोंडाने घेतं, पण सांगितलेलं करत नाही

भीती नाही, उतावळेपणा नाही. इथे शिकवण्यातच काहीतरी राहिलंय आणि हे दुरुस्त करायला सगळ्यात सोपं.

पहिली शक्यता: पिल्लू शब्द शिकलंच नाही, ते तुमचा हात वाचतंय. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हात वर केला की बसायचं, एवढंच त्याला माहीत आहे. तपासायला हात पाठीमागे बांधून, भिंतीकडे तोंड करून फक्त "बस" म्हणा. बसलं नाही तर उत्तर मिळालं. आता क्रम असा ठेवा: आधी शब्द एकदाच, मग श्वासभर थांबा, मग हाताची खूण, बसलं की लगेच तुकडा. लगेच म्हणजे एका सेकंदात. खिशात पुडी शोधेपर्यंत पिल्लू उठून उभं राहिलं असेल तर बक्षीस उठण्याला मिळालं.

दुसरी शक्यता: शब्द येतो, पण फक्त हॉलमध्ये. माणसाच्या मुलाला खुर्चीवर बस हे एका घरात कळलं की सगळीकडे कळतं; कुत्र्याला प्रत्येक जागा नव्याने शिकावी लागते. म्हणून हॉल, मग बाल्कनी, जिना, पार्किंग, गेटच्या आत, गेटच्या बाहेर, पहाटेची रिकामी गल्ली, आणि बऱ्याच नंतर फुटाळा तलावावरची गजबजलेली संध्याकाळ. प्रत्येक नव्या जागी पहिल्या दिवसासारखी सोपी सुरुवात. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा: जागा नवी असेल तर जास्त वेळ बसवू नका, वेळ वाढवायचा असेल तर जवळ उभे राहा. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं. त्याहून लांबलं की पिल्लू कंटाळतं आणि आपला आवाजही चढतो.

तिसरी शक्यता "ये" या शब्दापुरती आहे. "ये" म्हणून बोलावलं आणि आंघोळ घातली, गोचीड काढले, खेळातून उचलून आत कोंडलं. असं वारंवार झालं की "ये" म्हणजे मजा संपली, हे पिल्लू बरोबर ओळखतं. असा शब्द सोडून द्या आणि नवा घ्या. नव्या शब्दावर आलं की दर वेळी काहीतरी चांगलं मिळू द्या, आणि दहापैकी नऊ वेळा तरी पुन्हा खेळायला सोडा. आंघोळीसाठी न बोलावता स्वतः जाऊन घेऊन या. तोवर मोकळ्या मैदानात लांब दोरीशिवाय सोडू नका, कुंपण असलं तरी.

खाऊबद्दल एवढंच: घरात कोरडं खाद्य चालतं, बाहेर ते फिकं पडतं, तिथे चिकन किंवा पनीर लागतं. शाकाहारी घरात पनीर आणि उकडलेलं रताळं उत्तम. तेवढं खाणं रोजच्या जेवणातून वजा करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण कधीच नाही. मनुका तर आपल्याकडे प्रसादातून सहज पोटात जातात.

एकाचं ऐकतं, बाकीच्यांचं नाही

चाचणी घरातल्या प्रत्येकाने करून बघावी. आजी "बस" म्हणतात, वडील "बैठ", मुलगी "सिट", कामाला येणाऱ्या मावशी "हट बाजूला". नागपूरच्या घरांत मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात आणि माणसांचं त्यावाचून काही अडत नाही. पिल्लाच्या कानाला मात्र हे चार निराळे आवाज आहेत. एक कागद घ्या, पाच शब्द ठरवा, फ्रिजवर चिकटवा. भाषा कुठलीही चालेल, सगळ्यांची एक असली पाहिजे. नियमही एक असू द्या. जेवताना ताटातला घास एक जण देतो आणि दुसरा त्यासाठीच रागावतो, अशा घरात पिल्लू ताटाशी येतच राहणार.

सगळं नीट चाललं असताना अचानक बिघडलं तर वय बघा. सहा-सात महिन्यांनंतर कुत्रा वयात येतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांची असताना ऐकायची त्यापेक्षा आपल्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होती. अनोळखी माणसाचं मात्र कमी ऐकत नव्हती. हा टप्पा सरतो. या काळात बरेच जण वैतागून कुत्रा गच्चीवर बांधून ठेवतात किंवा कुणाला तरी देऊन टाकतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं. शिकवलेलं गेलेलं नसतं. एक पायरी मागे या, बक्षीस वाढवा आणि चालू ठेवा.

गळ्यात आवळणारी साखळी, काटेरी पट्टा, गुंडाळलेलं वर्तमानपत्र यांतलं काहीही या पाचही कारणांपैकी एकावरही उपाय नाही. छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या, दोन बोटं आत जातील इतका सैल.

पावसाळ्यात पिल्लू आणलं असेल तर पुढचं कॅलेंडर आजच बघून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, महाल-इतवारीत राहणाऱ्यांना तो आवाज दारातच असतो. पाठोपाठ गणपती, दुर्गा, मग दिवाळी. फोनवर ढोल-ताशाचा आणि फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून जेवण घाला. कान टवकारले तर चालेल, खाणं थांबलं तर आवाज कमी करा. दर काही दिवसांनी किंचित वाढवा. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळ व्हायच्या आत शी-शू उरकून घ्या, आतल्या खोलीची दारं-खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा असू द्या. आधीच्या फटाक्यांना पिल्लू थरथरलं असेल, तासन्‌तास लपलं असेल, तर भीतीवरच्या औषधासाठी दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. औषधाचा डोस आधी एकदा शांत दिवशी देऊन बघावा लागतो, आणि माणसांची झोपेची गोळी कुत्र्याला परस्पर द्यायची नाही.